कल्पनेतली बेटं काढताय? आधी वाऱ्याचा बाण काढा

मुलांना मनानं एक द्वीपसमूह काढायला सांगा. मधोमध ज्वालामुखी, शेजारी खजिन्याची फुली, आणि डोंगरातून निघून दोन्ही बाजूंच्या समुद्राला मिळणारी एकच नदी! मालवणात भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे ती नदी दिसली की माझा लाल पेन आपोआप उघडतो. गोष्टीत ड्रॅगन चालेल, पण दोन्हीकडे वाहणारी नदी चालणार नाही.

पहिल्यांदा बेटं जन्मली कशी ते ठरवा. मूठभर तांदूळ सांडल्यासारखी ती कागदभर पसरू नका. हवाई बेटं बघा, एका रांगेत आहेत. खालचा तप्त बिंदू, म्हणजे खोलातून लाव्हा वर येण्याची जागा, तिथल्या तिथं आणि वरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, वायव्येकडे सरकतोय. म्हणून आग्नेय टोकाचं बेट सगळ्यांत तरुण, तिथं अजून लाव्हा वाहतो. वायव्येकडे जावं तशी बेटं म्हातारी, झिजलेली; त्याच रांगेतल्या मिडवे बेटापर्यंत पोचलं की उरतं फक्त प्रवाळाचं कडं. तुमचीही रांग असेल तर एका टोकाला उंच सुळके आणि दुसऱ्या टोकाला सपाट वाळू, हा क्रम मोडू नका.

मग नकाशाच्या कोपऱ्यात वाऱ्याचा बाण. वारा डोंगराला आपटतो त्या अंगाला पाऊस, पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे कोरडी बाजू. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं शिकवायला नको. हवाईतल्या कौआई बेटावर वाइआलेआले शिखराला वर्षाला ९,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा. सपाट बेटाला मात्र ढग अडवायला डोंगरच नसतो. आता गंमत बघा: होड्या लावायला निवारा हवा, तो वाऱ्याच्या आडोशाला, नद्या मात्र वाऱ्याच्या तोंडाला. बंदर इकडे, पाणी तिकडे. भांडण लावायला याहून चांगली जागा लेखकाला कुठं मिळणार?

प्रवाळ बेटावर नदी काढूच नका. तिथं पाऊस वाळूत मुरतो आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. लक्षद्वीपच्या विहिरी त्यावरच चालतात. उपसा वाढला की खालचं खारं वर येतं. विहीर कुठं हे ठरल्याशिवाय वस्ती कुठं हे ठरवू नका. आमच्या समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या विहिरी आहेत. त्या नसत्या तर तटबंदी कितीही जाड बांधून काय उपयोग होता?

जीवसृष्टीला एकच प्रश्न विचारा: तू आलास कसा? किनाऱ्यावर लाटेच्या रेषेत उंडीच्या झाडाची वाळलेली, गोटीसारखी फळं सापडतात. एखादं कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळतं. कवच टणक, वजन जवळजवळ नाहीच. समुद्र ओलांडायला आणखी काय लागतं? नारळ आणि मर्यादवेलीच्या बियाही अशाच तरंगत येतात, नेच्याचे बीजाणू वाऱ्यावर, आणि बरंच काही पक्ष्यांच्या पोटातून. बेडकाच्या कातडीला खारं पाणी सोसत नाही, म्हणून भर समुद्रात उगवलेल्या दूरच्या बेटावर मूळचा बेडूक बहुधा नसतो. सस्तन प्राणी म्हणाल तर बहुतेक वटवाघूळच.

वाघ हवाच असेल तर बेट पूर्वी मुख्य भूमीला जोडलेलं दाखवा. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा बाली जावाला आणि जावा आशियाला जोडलेलं होतं. बालीत वाघ होते. खोल सामुद्रधुनीपलीकडच्या लोंबोकवर नव्हते, आणि मधलं अंतर जेमतेम ३५ किलोमीटर! दोन बेटांमधली खोली मनाशी ठरवा, प्राण्यांची यादी निम्मी आपोआप होते.

आणि एकेका बेटाला स्वतःचं असं काहीतरी द्या. अंदमानातल्या नारकोंडम बेटाचा धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठंही नाही, आणि बेट किती? सात चौरस किलोमीटरच्या आसपास.

शेवटी पहिलं जहाज कधी लागलं ते साल ठरवा. जहाजातून उंदीर उतरतात आणि जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी संपतात. खलाशी परतीच्या मांसासाठी शेळ्या सोडून जात. गॅलापागोस बेटांवर या शेळ्यांनी कासवांचा चारा फस्त केला. तुमच्या कुठल्या बेटावर शेळ्या उतरल्या ते पेन्सिलीनं टिपून ठेवा आणि त्यानंतरच्या सालात तिथं दाट रान रंगवू नका.