गावच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांना फुकट ‘भुरका’ कसा पाजायचा

माझी लेक अंधेरीत नोकरीला आहे. २०२१ मध्ये तिकडं ‘सेव्हन-इलेव्हन’चं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा तिनं मला फोनवर स्लर्पी दाखवली. ना धड बर्फ, ना धड सरबत. म्हणे, अमेरिकेत ही कंपनी ११ जुलैला वाढदिवस करते अन् गिऱ्हाइकांना हेच फुकट पाजते. तिकडं महिना आधी लिहितात, म्हणून ७/११. ‘स्लर्पी’ हे नाव पडलं ते ओढून पिताना होणाऱ्या आवाजावरून. म्हणजे आपला वरणाचा भुरकाच की! १९२७ मध्ये ही मंडळी डॅलसमध्ये बर्फ विकत होती, सोबतीला दूध, पाव, अंडी ठेवली अन् त्याचंच दुकान झालं.

मग माझ्या दुकानानं काय घोडं मारलं? चार वर्षं झाली, मी करते.

तारीख मात्र त्यांची घेऊ नका. ११ जुलैला आपलं गाव डवरणी-निंदणात असतं, दुकानात माशी फिरकत नाही. मी अक्षय तृतीया धरली. झाडाला कैरी असते, अन् ऊन असं की फुकट थंड म्हटल्यावर लोक वाट वाकडी करून येतात.

मशीन लागत नाही. लग्नात आइस्क्रीमसाठी आणतात तो हातानं फिरवायचा लाकडी पॉट भाड्यानं आणा. दोनशे लोकांना शंभर मिलीचा कागदी कप, म्हणजे वीस लिटर पन्हं. दहा लिटरच्या डब्यात सातच लिटर भरायचं, तीन खेपा होतात.

खरी मेख साखरेत आहे. लिटरमागे १४० ते १५० ग्रॅम. कमी पडली तर दगड होतो, जास्त झाली तर गोठतच नाही. पहिल्या वर्षी मी आपल्या जिभेवर भरवसा ठेवून हात आखडता घेतला, तर डब्यातलं पातं अडकून बसलं अन् फिरवणाऱ्या भाच्याचा खांदा धरला. थंडीत जीभ बधिर होते, म्हणून गोठायच्या आधी पन्हं जरा जास्तच गोड लागायला पाहिजे. कैरी उकडून गर गाळून घ्या, रेषा राहिल्या तर पात्याला गुंडाळतात. आदल्या रात्री पन्हं फ्रिजमध्ये ठेवलं तर बर्फ वाचतो.

बर्फ पन्नास किलो, आदल्या संध्याकाळी. पोत्यात गुंडाळून वरून कुटार, म्हणजे भुसा लोटा, रात्र निघते. निळसर लादी आणू नका. न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे. बर्फ डब्याच्या बाहेरच राहतो हे खरं, पण पोट्टे तुकडे उचलून तोंडात टाकतातच, तुम्ही कितीही ओरडा.

बर्फ फोडून डब्याभोवती थर द्या. चार भाग बर्फाला एक भाग खडेमीठ. मिठानं बर्फ वितळतो अन् वितळताना शून्याच्याही खाली जातो, म्हणून तर पन्हं गोठतं. पंधरा-वीस मिनिटं न थांबता फिरवा. झाकणाच्या कडेला ओलं फडकं बांधा, नाहीतर खारं पाणी आत शिरतं. माझी एक अख्खी खेप अशीच गेली. लोकांनी भिडेखातर पिऊन घेतली, तोंडं मात्र बघण्यासारखी होती.

आता हिशेबाचं. त्या दिवशी उधारीची वही गल्ल्याखाली ठेवा. ‘आधी मागचे द्या, मग प्या’ हे हसत म्हटलं तरी बोचतं. ‘शंभराच्या मालावर एक कप’ असली अटही नको. मी एकदा लावली होती, तर शेजारच्या म्हाताऱ्या काकाजींनी पाच रुपयांची तंबाखू घेतली अन् कपाकडं न बघता निघून गेले. त्यांना परत बोलवायला मला रस्त्यावर धावावं लागलं.

तिसरी खेप सकाळी काढूच नका. पहिल्या वर्षी दुपारी बारालाच सगळं संपलं, पोट्ट्यांनीच तीन-तीन कप मारले. संध्याकाळी मजुरीवरून बाया आल्या. एक म्हणाली, ‘ताई, आमी उन्हात अन् भुरका सावलीतल्यायले?’ तेव्हापासून तिसरा डबा पाच वाजता फिरतो, अन् पहिला कप तिलाच.

खारं पाणी झाडाच्या बुडाशी ओतू नका. माझा कढीपत्ता त्यातच वाळला.