व्हॅली ऑफ फायरची खोदचित्रं बघायला निघालाय? आधी या चुका टाळा

लास वेगासहून ईशान्येला साधारण 80 किलोमीटरवर नेवाडाचं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क आहे. लाल वाळूखडक, त्यावर काळपट मुलामा, आणि तो मुलामा दगडाने टोचून टोचून काढलेली चित्रं: वळलेल्या शिंगांच्या मेंढ्या, पावलं, चक्राकार रेघा, हातात हात धरून उभी असलेली माणसं. यातली काही दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. आणि ती बघायला भारतातून आलेले आईबाबा, दोन मुलं, भाड्याची एसयूव्ही आणि 'दुपारच्या बुफेपर्यंत परत येऊ' हा बेत. लाँग वीकेंडला हाच संच ठरलेला, आणि त्याच्या चुकाही ठरलेल्या.

दहा वाजता नाश्ता करून निघणं

बाकीच्या चुका एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्या. वेगासला रात्र उशिरा संपते, सकाळ उशिरा उजाडते, हॉटेलातून निघेपर्यंत दहा वाजतात. पार्कात पोचायला एक तास, गेटवरची रांग, व्हिजिटर सेंटरला बाथरूम, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला मंडळी वाळूत उतरतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हे एक वेळ खपून जातं. मे ते सप्टेंबर अजिबात नाही. तेव्हा हवा 40 अंशांपार जाऊ शकते आणि खडक वरून, खालून, बाजूने भाजत असतो. घळीत वाराही नसतो.

22 जुलै 2023 रोजी याच पार्कात दोन महिला हायकर मृतावस्थेत सापडल्या. सकाळी वाटेवर गेलेल्या बायका अजून परतल्या नाहीत हे दुसऱ्या हायकर्सच्या लक्षात आलं, म्हणून शोध तरी सुरू झाला. एक वाटेवर सापडली, दुसरी घळीत. त्या दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास होता. हे कुठल्या कड्यावर किंवा दूरच्या जंगलात घडलेलं नाही. इथल्या प्रसिद्ध वाटा मैल-दोन मैलांच्या आहेत, आणि घात तिथेच होतो. 'एवढंसं तर चालायचंय' म्हणून माणूस हातात अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन निघतो.

आपल्या लोकांची यात आणखी एक खास फसगत होते. मुंबईत, कोकणात, चेन्नईत उकाडा म्हणजे शर्ट अंगाला चिकटणं, घामाने निथळणं. इथे हवेत ओलावा इतका कमी असतो की घाम सुटतो आणि सुटताक्षणी उडून जातो. अंग कोरडं लागतं. 'मला काही एवढं गरम होत नाहीये' असं म्हणणाऱ्याच्या टोपीची कड बघा, पांढरं मीठ साचलेलं असतं. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, मूल गप्प होतं किंवा उगाच किरकिर करतं. ही सुरुवात आहे. त्याच क्षणी सावली, मानेवर आणि शर्टावर पाणी, आणि जमेल तितक्या लवकर एसीची गाडी. 'टोकापर्यंत जाऊन मग परतू' हे बोलणं तिथेच बंद. माणूस असंबद्ध बोलायला लागला की सरळ 911 या आपत्कालीन नंबरला फोन. पण फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. म्हणून कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे मागे कुणाला तरी सांगून निघायचं.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. पार्क सूर्योदयाला उघडतं, तुम्ही तेव्हा गेटवर असा. माणशी चार लिटर पाणी गाडीत, आणि चालताना प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर निदान एक लिटर. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. सगळं पाणी बाबांच्या सॅकमध्ये आणि बाबा पुढे, हा प्रकार नको. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ जायला हवं. भारतातून येणाऱ्यांच्या बॅगेत ओआरएसची पाकिटं असतातच, ती हॉटेलात न ठेवता बरोबर घ्या आणि एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटरमध्ये विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये कालवून 'स्ट्राँग' करू नका. आपल्याजवळचं निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, समोर काहीही दिसत असो.

खाण्याचं म्हणाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, खारे दाणे उत्तम. दहीभाताचा डबा बंद गाडीत ठेवून तीन तासांनी उघडू नका. थंड पाण्यासाठी स्वस्तातला थर्माकोलचा कूलर घ्या आणि हॉटेलच्या आइस मशीनमधून बर्फ भरा. खोलीतल्या मिनीबारमध्ये आपल्या बाटल्या कोंबायचा मोह टाळा. पुष्कळ हॉटेलांत तिथली वस्तू नुसती हलवली तरी बिल लागतं.

आता उन्हाळ्यात फायर वेव्ह, सेव्हन वंडर्स, व्हाइट डोम्स अशा बऱ्याच वाटा पार्क बंदच ठेवतं. दोरी ओलांडून 'पाच मिनिटांत फोटो काढून येतो' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या गाडीत मात्र बसू नका.

'तिथे काहीच नव्हतं'

माउसेस टँक ही खोदचित्रांची मुख्य वाट. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरच्या आत, जवळजवळ सपाट. म्हणून लोक तिला हलकी समजतात. वाट मऊ, खोल वाळूची आहे. पाय रुततात, चपलेत गरम वाळू शिरते, त्यामुळे सगळ्यांची नजर खाली. मान खाली घालून पंधरा मिनिटांत टोक गाठायचं, तिथे खडकातला पाण्याचा खळगा बघायचा, 'एवढ्यासाठी आलो?' म्हणायचं आणि तसंच परत. खळगा खरंच साधा आहे. 1890च्या दशकात माउस नावाचा, सदर्न पायूट या इथल्या मूळ रहिवासी जमातीतला एक फरारी इथे लपून राहिला होता, पावसाचं पाणी साठणाऱ्या या खळग्याच्या भरवशावर. म्हणून ते नाव. पण बघायला यायचं ते वाटेसाठी, टोकासाठी नाही.

कोकणातल्या सड्यांवर ज्यांनी कातळशिल्पं पाहिली आहेत त्यांची तर हमखास चुकामूक होते. तिथे चित्र पायाखाली आडवं पसरलेलं असतं, इथे ते भिंतीवर उभं असतं आणि बऱ्याचदा डोक्याच्याही वर. शोधायचं असं: लाल, खडबडीत, ताजा फुटलेला खडक सोडून द्या. सपाट आणि काळपट, जरा चकाकणारा पृष्ठभाग कुठे दिसतो ते बघा. हा काळा थर म्हणजे मँगनीज, लोह आणि चिकणमातीचा मुलामा. कागदाहूनही पातळ असतो आणि बनायला हजारो वर्षं घेतो. तो टोचला की आतला फिका खडक उघडा पडतो, तेच चित्र. म्हणजे काळा फळा सापडला तर अक्षरं सापडण्याची आशा, फळाच नसेल तर पुढे चला.

जाताना दोन्ही बाजूंच्या भिंती बघायच्याच, पण दर तीस-चाळीस पावलांवर थांबून मागे वळूनही बघायचं. कित्येक दगडांची चित्रांची बाजू परतीच्या दिशेला तोंड करून असते. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण आणली तर वाटेवरूनच सगळं दिसतं, भिंतीवर चढायची खाज उठत नाही. या सव्वा किलोमीटरला तास-दीड तास द्या. ज्याला वीस मिनिटांत उरकायचं आहे त्याने व्हिजिटर सेंटरमधली माहिती वाचून घरी जावं, निदान पार्किंगची एक जागा रिकामी होईल.

चित्राला हात लावणं, पाणी मारणं, खडूने गिरवणं

दृश्य नेहमीचं. मोबाइलमध्ये चित्र पुसट येतंय. एक जण बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन दगडावर मारतो, 'आता बघ कसं उठून दिसतंय'. दुसरा मेंढीच्या शिंगावरून बोट फिरवत पोराला समजावतो. हाताच्या त्वचेचं तेल आणि त्यावर थापलेलं सनस्क्रीन त्या मुलाम्यात मुरतं आणि तसंच राहतं. एका माणसाने एकदा लावलेल्या हाताने दगड झिजत नाही, पण वाट वर्षभर वाहती असते. पाण्याचं तर आणखी वाईट. वाळूखडक ओला झाला की बराच कमकुवत होतो. पाऊस पडून गेल्यावर अशा खडकावर चढायचं नाही हे गिर्यारोहक पहिल्या धड्यात शिकतात. चित्र ज्या पातळ पापुद्र्यावर आहे तोच सुटून यावा अशी सोय आपण करत असतो. खडू, कोळसा, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेणं, सगळं त्याच पंक्तीतलं. शिवाय कायद्याने गुन्हा. शेजारी स्वतःचं नाव कोरणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखे शब्द नाहीत.

पुसट फोटोचं खरं कारण दगडात नाही, उजेडात असतं. ऊन थेट पडलं की काळा मुलामा चमकतो आणि फिकं चित्र त्या चमकेत बुडतं. दगड पूर्ण सावलीत असेल तेव्हा तेच चित्र स्वच्छ दिसतं. म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, जी भिंत सावलीत असेल तिचे फोटो आधी घ्या. मधल्या वेळी गेलाच असाल तर बरोबरच्या माणसाला छत्री धरून उभं करा. पूर्ण चित्र सावलीत यायला हवं, अर्धं ऊन अर्धी सावली ठेवलीत तर फोटो आणखी बिघडतो. मोबाइलवर चित्रावर बोट दाबून फोकस पक्का करा, उजेड थोडा खाली ओढा, आणि काँट्रास्ट नंतर वाढवा. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर चमक बरीच मरते. फ्लॅश बंद. त्याने चित्र सपाट होतं, दुसरं काही नाही.

अॅटलाट्ल रॉक शेवटी ठेवणं

वेगासकडून आलात की पश्चिमेच्या गेटने आत शिरता, आणि हा खडक तिथून जवळ आहे. तरी लोक आधी आतपर्यंत जातात आणि परतताना, उन्हात, दमलेल्या आजोबांना लोखंडी जिन्यासमोर उभं करतात. तो आधी करा. वर अॅटलाट्लचं चित्र आहे. अॅटलाट्ल म्हणजे भाला जोरात फेकण्यासाठी हातात धरायची आकडेवजा काठी, धनुष्यबाणाच्या आधीच्या काळातलं हत्यार. जिना उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालून दुर्बिणीने पाहिलं तरी चालतं. मग व्हिजिटर सेंटर, मग माउसेस टँक, आणि ऊन चढायच्या आत जमलंच तर रेनबो व्हिस्टा. एका सकाळीत याहून जास्त कोंबू नका.

पास आहे म्हणून निर्धास्त राहणं

'अमेरिका द ब्युटिफुल' हा राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही. हे राज्याचं पार्क आहे. नेवाडाच्या नंबरप्लेटला 10 डॉलर आणि बाहेरच्या गाडीला 15, असा दर ठेवलेला आहे. जाण्याआधी एकदा तपासा. उलट, नकाशाने तुम्हाला लेक मीड या सरोवराच्या काठाने, नॉर्थशोअर रोडने आणलं तर तिथे वेगळं प्रवेशशुल्क लागतं आणि तिथे मात्र हा पास चालतो. रस्ता सुंदर आहे, पण सकाळची थंड वेळ गाडीत घालवण्याइतका नाही. आय-15 महामार्गाने उत्तरेला जा आणि 75 नंबरच्या एक्झिटला उतरा. तिथे मोआपा पायूट लोकांचा ट्रॅव्हल प्लाझा आहे. पेट्रोल, बर्फ, बाथरूम सगळं तिथेच उरकून घ्या, कारण पार्कात पेट्रोल मिळत नाही.

आता भराभर. नकाशा आधीच डाउनलोड करा. चपला आणि क्रॉक्स नकोत, बंद बूट घाला. टोपी चारी बाजूंनी कड असलेली हवी, क्रिकेटची नव्हे. बाही पूर्ण, सैल, सुती. खडकाच्या कपारीत न बघता हात घालू नका, रॅटलस्नेकला सावली तुमच्याइतकीच आवडते. वाळवंटी कासव दिसलं तर उचलू नका, घाबरून ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि मग तहानेने मरू शकतं. जुलै ते सप्टेंबरमध्ये लांबवर जरी ढग गडगडताना दिसले तरी अरुंद घळीत शिरू नका, पाण्याचा लोंढा अचानक येतो. दगडावर दगड रचून मनोरे करू नका. ड्रोन हॉटेलात ठेवा. युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्ककडून येत असाल तर युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं, तो तास फुकट मिळतो.

डिसेंबरचं वेगळं. तेव्हा उन्हाची भीती नाही, पण साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पार्क बंद होतं. अडीचला पोचून 'सगळं' बघायला निघणारे व्हाइट डोम्सच्या पार्किंगमध्ये रेंजरशी हुज्जत घालताना दिसतात. सकाळी बोचरी थंडी असते, जाकीट लागतं.

आणि चित्रांचा अर्थ. चक्राकार रेघ दिसली की 'ही उडती तबकडी', दोन शिंगं दिसली की 'हा परग्रहवासी'. काही गाइडही हे रेटून सांगतात. मेंढ्या म्हणजे बिगहॉर्न मेंढ्या, आजही त्याच कड्यांवर दिसतात. बाकी बऱ्याच खुणांचा अर्थ ठामपणे कुणीच सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्याला टिप देऊ नका. हे दगड कोरणाऱ्यांबद्दल खरंच कुतूहल असेल तर ऊन चढल्यावर पूर्वेच्या गेटने बाहेर पडून ओव्हरटन गाठा. तिथल्या लॉस्ट सिटी म्युझियममध्ये लेक मीडच्या पाण्याखाली जाणाऱ्या जुन्या वस्त्यांमधून बाहेर काढलेली भांडी आणि हत्यारं ठेवली आहेत. आत एसी आहे.