कडुलिंबाच्या खोडावरची जखम: झाडं काढायला शिकणाऱ्यांसाठी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या तेव्हापासून मी झाडं काढतेय. पण पहिली कित्येक वर्षं माझ्या झाडांच्या फांद्या जोडकाम केल्यासारख्या दिसायच्या. खोड म्हणजे एक जाड नळा, त्याला बाजूने बारीक नळे बसवलेले. छायाप्रकाश नीट, सालीचा पोत तासन् तास बसून भरलेला, तरी झाड खोटंच. पुस्तकासाठी केलेलं एक चित्र तर 'ही बाभूळ आहे की लिंब?' एवढ्याच शेऱ्यासह परत आलं. ते फार लागलं होतं.

चूक कळली ती सोलापुरातल्याच एका लाकडाच्या वखारीत. सागाचा ओंडका उभा चिरून पडला होता. फळीवर जिथे फांदी होती तिथे गाठ, आणि ती गाठ थेट गाभ्यापासून निघून सालीकडे येताना रुंद होत गेलेली, पाचरीसारखी. फांदी कोवळ्या खोडाच्या पार आतून निघते. मग खोड दरवर्षी जाड होतं आणि तिचं बूड थोडं थोडं पोटात घेत जातं. लाकडाच्या रेषा गाठीला दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे पुन्हा जुळल्या होत्या. त्या रात्री मी फक्त फांद्यांची बुडं काढली. बेचक्यात सालीची जी सुरकुती पडते, बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो, तो आला की फांदी खोडातून आल्यासारखी दिसते.

हे पक्कं लक्षात ठेवा: झाडाची उंची शेंड्यांवर वाढते आणि जाडी सालीखालच्या एका पातळ थरात, कॅम्बियममध्ये. हा थर आतल्या बाजूला लाकूड बनवतो आणि बाहेरच्या बाजूला साल. तयार झालेलं खोड पुन्हा वर ताणलं जात नाही. छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर असतो, फक्त लाकडात बुडालेला. जुन्या झाडाचं खोड खाली मोकळं दिसतं, कारण सावलीत सापडलेल्या खालच्या फांद्या वाळून गळतात किंवा माणसं त्या तोडतात. फांद्या वर सरकत नाहीत.

सालीचंही तसंच. बाहेरची साल मेलेली असते, तिला ताण सोसत नाही, म्हणून आतून खोड फुगलं की ती तडकते. बाभळीला खोल उभ्या भेगा पडतात, पेरूचे पापुद्रे सुटतात, वड-पिंपळाची साल त्या मानाने गुळगुळीत राहते. भेगा बुंध्याशी खोल, वर उथळ, कोवळ्या डहाळीवर नाहीतच. सगळीकडे सारखा पोत भरलात की झाडाचं वय पुसलं जातं.

आता जखमा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लिंब आहे, तारांच्या आड येते म्हणून त्याची एक मोठी फांदी कापली. अमेरिकेतले वृक्षरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी 1977 साली मांडलेली गोष्ट मला या झाडापाशी समजली: झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. दुखावलेलं लाकूड तिथेच राहतं, झाड त्याच्याभोवती कोंडण घालून कूज अडवतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. पोत्याचं तोंड आत दुमडावं तशी गोल कड चहूबाजूंनी पुढे येते. गळपट्टा राखून कापलं असेल तर कड्यासारखी गोल येते. अगदी खोडालगत कापलं असेल तर डाव्या-उजव्या बाजूने जोमाने येते, वर-खाली मात्र मागे राहते आणि जखम उभ्या डोळ्यासारखी दिसते. खुंट ठेवला असेल तर तो वाळतो, कुजतो आणि पुढे बहुधा तिथे ढोली होते.

कापलेल्या जागेखालून सरळ वर धुमारे फुटतात. ते सालीखाली निजलेल्या डोळ्यांतून, म्हणजे सुप्त कळ्यांतून येतात, त्यांचं लाकूड खोडाच्या फक्त बाहेरच्या थरांशी जोडलेलं असतं, म्हणून वाऱ्याने ते लवकर निखळतात. इथे मात्र ते नुसते जोडल्यासारखेच काढा. माझ्या जुन्या चुकीला हीच एक योग्य जागा आहे!

शिंदी आणि नारळाला हे काहीच लागू नाही. त्यांना हा जाडी वाढवणारा थर नसतो, त्यामुळे घाव कधीच झाकला जात नाही. नीरेसाठी शिंदीला एका वर्षी एका बाजूने, दुसऱ्या वर्षी उलट बाजूने तासतात. त्या खाचा जन्मभर राहतात आणि खोड नागमोडी दिसतं. ओढ्याकाठी अशी शिंदी दिसली तर थांबून काढाच.

सुरुवात लिंबापासून करा. आपल्याकडे तो माघ-फाल्गुनात पानं गाळतो आणि पाडव्याच्या आसपास पालवतो, मधले थोडे दिवस सांगाडा उघडा असतो. सकाळी सातच्या आत बसा. तिरप्या उन्हात प्रत्येक सुरकुती उठून दिसते, दहानंतर सोलापूरचं ऊन सगळं सपाट करतं. भुईकोट किल्ल्याकडे गेलात तर तटांच्या फटींत पिंपळ शोधा, त्याची मुळं दगडाच्या सांध्याचा आकार घेतात. झाड कुठलंही असो, एकच जखम निवडून दरवर्षी तिचं रेखाटन करा आणि खाली तारीख घाला.

माझ्या वहीत त्या लिंबाची सहा रेखाटनं आहेत. पहिल्या वर्षी जखमेच्या उघड्या लाकडावर माझा अख्खा पंजा टेकला होता. या फाल्गुनात दोन बोटं मावली.