जुन्या कॅमारोचं स्टिअरिंग ढिलं झालंय? आधी रबर बघा

१९६७ ते १९६९ च्या शेवरोलेच्या कॅमारो गाडीला सरळ रस्त्यावरही सारखं डावी-उजवीकडे सावरावं लागत असेल, तर बहुतेक जण लगेच स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या दातेरी पेटीच्या) डोक्यावरचा स्क्रू आवळतात. तो आवळायचा, पण सगळ्यात शेवटी.

पार्किंग ब्रेक लावा, चाकांना उटी (अडसर) लावा, इंजिन बंद ठेवा. कुणाला तरी स्टिअरिंग थोडंथोडं हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, जिथे बॉक्सला जोडलाय तिथली रबरी चकती, म्हणजे रॅग जॉइंट, नीट बघा. वरची बाजू फिरतेय आणि खालची जागेवरच आहे, असं दिसलं की चोर सापडला. इतक्या वर्षांत रबर तेलाने फुगतं, उष्णतेने चिरतं. भेगा दिसल्या तर बदलाच, महागडा भाग नाही तो. मग खाली आयडलर आर्म आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे सांधे, ढिले नाहीत ना ते हाताने हलवून बघा.

एवढं घट्ट असेल तरच स्क्रू. चाकं सरळ ठेवून लॉकनट (स्क्रू जखडून ठेवणारा नट) सैल करा आणि एका वेळी जेमतेम अष्टमांश फेरा द्या. जास्त आवळलात तर वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, शिवाय आतले दाते झिजतात.

चाकांचं अलाइनमेंट करून घेताना मेकॅनिकला मूळ मॅन्युअलचे आकडे देऊ नका. ते बायस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे असलेल्या जुन्या पद्धतीच्या, टायरसाठी होते. आजचे रेडियल टायर असतील तर पॉझिटिव्ह कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा वरून मागे असलेला कल, वाढवून मागा. पॉवर स्टिअरिंगला ३ अंशांच्या आसपास छान बसतं.