लास वेगासच्या कॅसिनो हॉटेलात राहताना खोलीतलं वाय-फाय नीट कसं मिळवावं

माझ्या ओळखीतले लास वेगासला जाणारे मराठी लोक जुगारासाठी क्वचितच जातात. कुणी जानेवारीत सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनाला जातं, कुणी वर्षाअखेरीच्या एडब्ल्यूएस री:इन्व्हेंट या ॲमेझॉनच्या क्लाउड परिषदेला, तर कुणी ग्रँड कॅन्यनला जाताना मुलाबाळांसह दोन रात्री तिथे थांबतं. राहणं मात्र कॅसिनो हॉटेलातच होतं, कारण ‘स्ट्रिप’ म्हणतात त्या साधारण पावणेसात किलोमीटरच्या रस्त्यावरची बहुतेक मोठी हॉटेलं तीच आहेत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीत शिरलो, बॅगा उघडल्या, कपडे कपाटात लावले, मुलीला झोपवलं आणि रात्री साडेआठला पुण्याच्या टीमबरोबरच्या मीटिंगसाठी लॅपटॉप उघडला. वाय-फायने आडनाव विचारलं. टाकलं, तर चूक म्हणालं. चार वेळा तसंच झालं. शेवटी खिडकीशी फोन धरून, तुटक आवाजात ती मीटिंग उरकली. त्या रात्रीपासून एक नियम पाळतो: बॅगेची चेन उघडायच्या आधी नेट तपासायचं. खोली बदलून मागणं सोपं असतं ते तेवढ्या दहा मिनिटांतच. एकदा संसार मांडला की आपलाच जीव खोली बदलायला तयार होत नाही.

बुकिंग करताना नेटचे पैसे कुठे आहेत ते बघा

वेगासच्या खोलीच्या भाड्याशिवाय रोजची ‘रिसॉर्ट फी’ असते. ती ऐच्छिक नसते. जिम वापरा न वापरा, फोन उचला न उचला, ती द्यावीच लागते आणि खोलीतलं इंटरनेट बहुतेक ठिकाणी याच फीमध्ये धरलेलं असतं. म्हणजे ते वाय-फाय फुकट नाही, त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. हे मनात पक्कं असलं की काउंटरवर बोलताना आवाजात संकोच येत नाही.

हिशेब करून बघा. समजा खोली ६० डॉलरची आणि रिसॉर्ट फी ४५ डॉलर. दोन्हींवर मिळून सुमारे १३.३८ टक्के कर लागतो. एका रात्रीचे झाले ११९ डॉलर, जवळजवळ दुप्पट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नवा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार अशी सक्तीची फी धरूनच किंमत सुरुवातीला दाखवावी लागते. नियमाने फी बंद झालेली नाही, ती लपवणं बंद झालं. सरकारी कर मात्र नंतर जोडलेला चालतो. म्हणून पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन मगच दोन हॉटेलांची तुलना करा आणि ‘हॉटेलवर देय’ अशी वेगळी ओळ दिसते का तेही बघा.

बुकिंगमधल्या नावाकडे डोळ्यात तेल घालून बघा. माझ्या चार फसलेल्या प्रयत्नांचं कारण तिथेच होतं. वाय-फायचं लॉगिन पान बहुधा खोली क्रमांक आणि ‘लास्ट नेम’ विचारतं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा तीन पदरी मामला. बुकिंगमध्ये कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं, कुठे दोन शब्द एकत्र चिकटतात. माझ्या वेळी हॉटेलच्या नोंदीत आडनावाच्या जागी वडिलांचं नाव होतं. कंपनीने खोली घेतली असेल तर ती सहकाऱ्याच्या नावावर असण्याचीही शक्यता असते आणि मग तुमचं आडनाव कितीही बरोबर टाकलं तरी उपयोग नाही.

निघण्याआधी, घरच्या नेटवर

फोन आणि लॅपटॉपचे सगळे अपडेट घरीच उरका. विमानाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, नकाशे आणि मुलांची कार्टून्स फोनमध्ये उतरवून ठेवा. बँकेचे ओटीपी यावेत म्हणून भारतातलं सिम रोमिंगवर चालू आहे ना, याची खात्री करा. परदेशात डेटासाठी ई-सिम घेतलं तरी ओटीपी जुन्याच नंबरवर येतो. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा असतो. चार्जरवर १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर चपट्या पिनचा अडॅप्टर पुरतो.

बुकिंग आणि पैसे या दोन्ही गोष्टी एकट्या फोनच्या भरवशावर ठेवू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम या मोठ्या कॅसिनो कंपनीच्या हॉटेलांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा फोनवरच्या डिजिटल चाव्या चालेनाशा झाल्या, स्लॉट मशिनं बंद पडली आणि चेक-इनला लांबच लांब रांगा लागल्या. कंपनीने स्वतःच सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसल्याचं सांगितलं. अशा दिवशी कागदावर छापलेलं बुकिंग, चावीचं प्लास्टिकचं कार्ड आणि थोडी रोख रक्कम हाताशी असली की निभावतं.

काउंटरवर दोन मिनिटं जास्त घ्या

खोली मागताना तीन गोष्टी सांगा: धूम्रपान नसलेली, नूतनीकरण झालेल्या टॉवरमधली आणि काम करायचं असल्याने नेट चांगलं हवं असलेली. या हॉटेलांचे टॉवर वेगवेगळ्या काळात बांधलेले किंवा दुरुस्त केलेले असतात, त्यामुळे एकाच हॉटेलात दोन टॉवरांमध्ये वाय-फायचा फरक पडतो. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात कॅसिनोच्या मजल्यावर सिगारेट ओढायला परवानगी आहे. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर धूम्रपानमुक्त ठेवलेलं पार्क एमजीएम बुकिंगच्या वेळीच विचारात घ्या.

मग विचारा, ‘नोंदीत माझं आडनाव कसं लिहिलं आहे, अक्षरं सांगता का?’ ती अक्षरं लिहून घ्या. वाय-फायचं नेमकं नावही तिथेच विचारून घ्या.

अनामत म्हणून हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं, अनेक ठिकाणी रात्रीला ५० ते १०० डॉलर. इथे क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड दिलं तर तेवढे तुमचे स्वतःचे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. ऐन प्रवासात जेवणाखाणाचे पैसे अडकले तर जीव मेटाकुटीला येतो.

खोलीत शिरल्यावरची दहा मिनिटं

बॅगा दाराशीच ठेवा. फोनवर हॉटेलचं नेटवर्क निवडा. लॉगिन पान आपोआप उघडायला हवं. नाही उघडलं तर या क्रमाने जा.

आधी व्हीपीएन, म्हणजे नेटची ये-जा गुप्त ठेवणारं ॲप, बंद करा. लॉगिन होईपर्यंत ते आडवं येतं, नंतर खुशाल चालू करा. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला (साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या सेटिंगला) स्वतःचा पत्ता घातला असेल तर तो ‘ऑटोमॅटिक’वर आणा. हॉटेल तुम्हाला स्वतःच्या पानावर वळवू पाहतं आणि ही सेटिंग ते वळण हाणून पाडते. तरीही पान आलं नाही, तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हा पत्ता टाका. ही साइट मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे कुलूपबंद न करता, उघडी ठेवलेली आहे, म्हणून हॉटेलला तिथून आपलं पान पुढे करता येतं. पानावर आडनाव टाकताना काउंटरवर सांगितलेली अक्षरंच टाका. बहुतेक वेळा काम इथेच होतं.

आता वेग मोजा. पलंगावर, टेबलाशी आणि खिडकीशी, तीन जागी. व्हिडिओ मीटिंगला अपलोड आणि डाउनलोड दोन्ही बाजूंनी ४ एमबीपीएस स्थिर मिळाले तरी चालतं. अपलोडचा वेग आवर्जून बघा, कारण आपला चेहरा आणि आवाज त्यावरच जातो. दुपारी मोजलेला वेग रात्री टिकेलच असं नाही. एमजीएम ग्रँडसारख्या हॉटेलात पाच हजारांवर खोल्या आहेत. खोलीत दोन माणसं आणि माणशी दोन यंत्रं धरली तरी वीस हजार झाली. म्हणून दुपारीच जेमतेम वेग असेल तर रात्रीवर भरवसा ठेवू नका.

जागेनुसार वेग फार बदलत असेल तर सिग्नल देणारा डबा कुठे आहे ते शोधा. कधी तो टीव्हीच्या मागे भिंतीवर असतो, कधी बाहेर कॉरिडॉरच्या छतावर. न्हाणीघराचा मोठा आरसा आणि दाराचा लोखंडी पत्रा सिग्नल अडवतात. टेबलाजवळ नेटच्या केबलची खाच दिसली तर लॅपटॉप केबलने जोडून बघा. तीन जागी मोजूनही नेट मरतुकडंच असेल तर बॅगा तशाच ठेवून काउंटरला फोन करा आणि दुसरी खोली मागा. मी असं दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा खोली बदलून मिळाली आणि एकदा तर वरच्या मजल्यावरची मिळाली.

यंत्रं जास्त, परवानगी कमी

चौघांच्या कुटुंबात फोन, टॅब, लॅपटॉप आणि टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक धरून आठ-नऊ यंत्रं सहज होतात आणि हॉटेल एका खोलीला ठरावीक यंत्रंच चालू देतं. त्यात आजचे फोन स्वतःचा वाय-फाय पत्ता बदलत राहतात, त्यामुळे तोच फोन हॉटेलला नवा वाटतो आणि पुन्हा लॉगिन मागतो. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या एका नेटवर्कपुरता हा पत्ता ‘फिक्स्ड’ ठेवा.

अशा स्टिकपैकी ॲमेझॉनच्या फायर स्टिकला लॉगिन पान उघडता येतं, गूगलच्या जुन्या क्रोमकास्टचं मात्र अशा नेटवर्कवर अडतं. साधी एचडीएमआय केबल बॅगेत टाकलीत तर लॅपटॉप थेट टीव्हीला जोडता येतो. वारंवार प्रवास असेल तर मुठीएवढा ट्रॅव्हल राऊटर घ्या. राऊटर हॉटेलच्या वाय-फायला जोडायचा, लॉगिन एकदाच करायचं आणि घरच्या सगळ्यांनी राऊटरला जोडायचं. हॉटेलला एकच यंत्र दिसतं. माझ्या मुलीचा टॅब आता घरच्याच वाय-फायच्या नावाने जोडला जातो, कारण राऊटरला मी तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला आहे. खोलीत पाय ठेवताच तिचं सगळं चालू होतं.

तरीही नेट मंद असेल तर

लॉगिन पानावर बहुधा जास्त वेगाचा, जास्त पैशांचा पर्याय असतो. महत्त्वाच्या मीटिंगच्या एका दिवसापुरता घ्यायला हरकत नाही, पण आधी विचारा की तो एका यंत्राला आहे की सगळ्या खोलीला. नाहीतर फोनचा हॉटस्पॉट वापरा. हॉटेल तो अडवू शकत नाही. २०१४ मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट बंद पाडल्याबद्दल अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने मॅरियट या हॉटेल कंपनीला ६ लाख डॉलरचा दंड केला आणि नंतर असं अडवणं बेकायदा असल्याचं स्पष्ट बजावलं.

घरी व्हिडिओ कॉल करायचा तर वेळेचं गणित असं: उन्हाळ्यात भारत साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ. पण रात्री आठला अर्धं हॉटेल नेटवर असतं. आईला फोन करायचा तर मी सकाळी सातला करतो. तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात, दिवा लावून झालेला असतो आणि चित्रही अडकत नाही.

सुरक्षेबद्दल

अनेक ठिकाणी हे नेटवर्क पासवर्डशिवाय उघडं असतं. तशाच नावाचं खोटं नेटवर्क शेजारच्या खोलीतूनही चालवता येतं, म्हणून काउंटरवर विचारलेलं नावच वापरा. लॅपटॉपने विचारलं तर नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून निवडा, फाइल शेअरिंग बंद ठेवा आणि कुठलंही सर्टिफिकेट बसवायला सांगणाऱ्या पानाला नकार द्या. बँकेची कामं मोबाइल डेटावर करा. ऑगस्टमध्ये जात असाल तर जास्तच जपा. तेव्हा शहरात डेफ कॉन ही हॅकर मंडळींची परिषद भरते. तिथल्या नेटवर्कवर जे लोक पासवर्ड उघड्यावर पाठवतात त्यांची नावं आणि पासवर्डचा काही भाग ‘वॉल ऑफ शीप’ नावाच्या पडद्यावर झळकतो.

मुक्कामातल्या दोन गोष्टी

खोलीतला छोटा फ्रिज बहुधा विकाऊ मालाचा असतो आणि आत वजन ओळखणारे सेन्सर असतात. बाटली उचलून परत ठेवली तरी बिलात लागू शकते. आम्ही एकदा मुलीचं दही ठेवायला दोन बाटल्या सरकवल्या आणि दोन्ही बिलात आल्या. सांगितल्यावर काढल्या, पण रांगेत वीस मिनिटं गेली. औषधं किंवा बाळाचं दूध थंड ठेवायचं असेल तर काउंटरकडून रिकामा फ्रिज मागा. वैद्यकीय कारण असेल तर ते स्पष्ट सांगा.

२१ वर्षांखालच्या मुलांना कॅसिनोच्या मजल्यातून चालत जाता येतं, थांबता येत नाही. फोनवर नकाशा बघायला तिथे मुलांसह उभे राहू नका. लिफ्टचा रस्ता आधीच विचारून ठेवा.

चेक-आउट बहुधा सकाळी अकराला असतं. नेट बंद पडलेल्या दिवसांचे वेगाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा. आदल्या रात्री गर्दी कमी असते, तेव्हाच काउंटरवर जा, ते शांतपणे दाखवा आणि त्या दिवसाची रिसॉर्ट फी वजा करायला सांगा. तक्रार ज्या दिवशी उद्भवते त्याच दिवशी फोन करून नोंदवली असेल तर तुमचं म्हणणं तिथल्या संगणकात आधीच लिहिलेलं असतं. मला एकदा पूर्ण रात्रीची फी परत मिळाली, एकदा नकार मिळाला. नकाराच्या त्या वेळी मी फोन केलेला नव्हता.