बेदाण्याचं डिपिंग करताय? मग पोटॅशियम कार्बोनेट नीट समजून घ्या

तासगाव, कवठेमहांकाळ, पंढरपूर भागात बेदाण्याचा सीझन लागला की जो तो विचारतो डिपिंग ऑइल (द्राक्षं सुकवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात त्यातलं तेल) कुठलं घेतलंस, कार्बोनेटचं मात्र कोणी विचारत नाही, पोतं आणायचं आणि ड्रममध्ये ओतायचं, एवढंच. खरं तर निम्मं काम त्याच्यावरच असतं.

द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका मेणाचा थर असतो तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही. डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, ते या मेणात शिरून त्याची घडी विस्कटतं, आणि कार्बोनेट ते तेल पाण्यात मिसळून धरतं, शिवाय द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 11 च्या आसपास ठेवतं. त्यामुळे शेडवर माल साधारण दोन आठवड्यांत सुकतो. यातलं एक जरी कमी पडलं तर सुकायला उशीर, आणि जेवढा उशीर तेवढा माल काळपट. तुर्कस्तानात हेच काम पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल वापरून करायचे, राखेतही हेच कार्बोनेट असतं.

घेताना फूड ग्रेडच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल, शेवटी ते कोणाच्या तरी तोंडात जाणार आहे. आणि खताच्या दुकानातलं पोटॅश म्हणजे हे नव्हे हां! ते असतं पोटॅशियम क्लोराइड, डिपिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही. ओळखायचं सोपं आहे, चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा, कार्बोनेट फसफसतं, क्लोराइड ढिम्म. धुण्याचा सोडा पण फसफसतो, म्हणून दुसरी टेस्ट: थोडी पावडर रात्रभर उघडी ठेवा. हवेतली आर्द्रता 43 टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम कार्बोनेट पाणी ओढायला लागतं आणि चिकट होतं, सोडा तसा ओला होत नाही. मार्चच्या दुपारी मात्र आपल्याकडे हवा एवढी कोरडी असते की काहीच दिसणार नाही, त्यामुळे टेस्ट रात्रीच करा.

आता प्रमाण. 100 लिटर पाण्याला अडीच किलो कार्बोनेट आणि दीड लिटर ऑइल, म्हणजे 200 लिटरच्या ड्रमला 5 किलो आणि 3 लिटर. आधी बादलीभर पाण्यात कार्बोनेट थोडं थोडं टाकून विरघळवा, विरघळायला ते अजिबात त्रास देत नाही, 20 अंशाला 100 मिली पाण्यात 110 ग्रॅमच्या आसपास मावतं, फक्त पाणी गरम होतं तेव्हा दचकू नका. बादली प्लॅस्टिकची हवी, अॅल्युमिनियमला हे खातं. हातात ग्लोव्हज, डोळ्याला गॉगल, कारण पीएच 11 डोळ्यात गेला तर गंमत नाही. हे द्रावण ड्रममधल्या पाण्यात ओता आणि मग ढवळत ढवळत ऑइल बारीक धारेनं सोडा, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर अजून ढवळा, तरी नाही जमलं तर पीएच पट्टी लावून बघा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमबरोबर थोडं कार्बोनेट चुन्यासारखं खाली बसतं आणि तेवढं वाया जातं, त्यापेक्षा गोडं पाणी घ्या.

गोडी 22 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वर गेलेले घडच घ्या, क्रेटसकट दोन ते पाच मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग जाळीवर पातळ पसरा. फुटलेले मणी आधीच काढून टाका, त्यांचा आंबट रस पीएच खाली आणतो. दर काही क्रेटनंतर पट्टी लावत राहा, पीएच घसरला की नवीन द्रावण करा, त्यात काटकसर नको.

हे काही फक्त बेदाण्याचं रसायन नाही बरं का. स्पेशल काच, मऊ साबण, कोकोची आंबटाई मारायला, रामेन नूडल्सला पिवळेपणा आणि चिवटपणा द्यायला, सगळीकडे हे असतं. अमोनियाच्या काही कारखान्यांत तर याचं गरम द्रावण गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषायला वापरतात, शोषला की त्याचं बायकार्बोनेट होतं, वाफ दिली की परत कार्बोनेट, तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरतं. आणि मुळात ते बनवतात कसं? पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून.

उरलेलं पोतं तसंच उघडं टाकू नका, जूनमध्ये त्याचा दगड नाहीतर चिखल झालेला असतो. झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरून वर चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी मीठ समजून उचलेल. आणि वापरलेलं द्रावण विहिरीजवळ किंवा वेलीच्या बुडात ओतायचं नाही.