आजचा कोरियन उच्चार कसा बसवावा: श्वासाइतकेच सुराकडे लक्ष

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक क्षेत्रात ह्योसंगसारखी कोरियन कंपनी उभी राहिल्यापासून मराठवाड्यातल्या तरुणांना कोरियन शिकण्यासाठी मालिका आणि गाण्यांपलीकडचे कारण मिळाले आहे. १४४६ साली राजा सेजोंगने जाहीर केलेली हंगुल लिपी काही दिवसांत वाचता येऊ लागते, आणि नेमकी तिथेच विद्यार्थ्याची गफलत होते. आजचे लेखन १९३३ साली ठरलेल्या नियमांच्या पायावर उभे आहे. ते शब्दाचे मूळ रूप जपते, तर सोलमधला बोलण्यातला उच्चार त्यानंतरही बदलत राहिला आहे. म्हणून अक्षरे ओळखू येऊ लागली की पुढचा सराव डोळ्यांपेक्षा कानांनी करावा.

सर्वाधिक वेळ द्यावा तो शब्दाच्या आरंभी येणाऱ्या व्यंजनांना. कोरियनमध्ये ओठांतून निघणारी तीन स्फोटक व्यंजने आहेत: साधे, महाप्राण (जोराने श्वास सोडून उच्चारलेले) आणि ताणलेले. ‘बुल’ म्हणजे आग, ‘फुल’ म्हणजे गवत आणि ‘प्पुल’ म्हणजे शिंग. आपल्याला ब, प आणि फ जन्मापासून अवगत असल्यामुळे हे काम सोपे वाटते, पण आपल्या कानाची हीच सवय इथे आड येते. शब्दारंभीचे साधे व्यंजन कोरियनमध्ये आपल्या ‘ब’सारखे घोष, म्हणजे घशातल्या कंपनासह उच्चारलेले, नसते. त्यासोबत थोडा श्वासही सुटतो, आणि गेल्या काही दशकांत तरुण सोलवासीयांच्या बोलण्यात तो श्वास वाढत वाढत महाप्राणाच्या जवळ जाऊन पोहोचला आहे. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड सिल्वा यांच्या २००६ सालच्या अभ्यासात हा फरक पिढ्यांमधला असल्याचे दिसले: साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांपैकी अनेकांमध्ये साधे आणि महाप्राण व्यंजन केवळ श्वासावरून वेगळे काढणे कठीण होत गेले होते. फरक नाहीसा झालेला नाही. तो पुढच्या स्वराच्या सुरावर गेला आहे.

सराव असा करावा. ‘बुल’ म्हणताना घसा सैल ठेवावा, हलका श्वास सोडावा आणि आवाज खालच्या सुरात लावावा. ‘फुल’ म्हणताना दोन्ही ओठ पूर्ण मिटून उघडावेत (‘फोन’ म्हणताना अनेकांचे दात खालच्या ओठाला लागतात, तसे इथे होऊ देऊ नये) आणि सूर स्पष्टपणे वर न्यावा. ‘प्पुल’साठी ‘अप्पा’ या शब्दातला जोड प्प आठवावा. घसा आवळलेला, श्वास जवळजवळ नाही आणि सूर पुन्हा वरचा. तोंडासमोर कागद धरून श्वास तपासण्याची जुनी युक्ती इथे अर्धीच उपयोगी पडते, कारण ताणलेल्या व्यंजनाला कागद जवळजवळ स्थिर राहतो, पण उरलेल्या दोन्ही वेळा तो हलतो. त्या दोघांतला भेद कागद सांगू शकत नाही. त्यासाठी स्वतःचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून संगणकावरील ‘प्रात’ या विनामूल्य प्रणालीत उघडावे. तिथे सुराची निळी रेघ दिसते, आणि ‘बुल’ची रेघ ‘फुल’च्या रेघेपेक्षा खाली आहे की नाही हे पाहून सराव सुधारता येतो. हाच क्रम मग ‘दाल’ (चंद्र), ‘थाल’ (मुखवटा) आणि ‘त्ताल’ (मुलगी) यांवर चालवावा. इथली जीभ दातांकडे राहते, ट किंवा ड म्हणताना वळते तशी वळत नाही.

शब्दाच्या मध्ये, दोन स्वरांच्या बेचक्यात आले की साधे व्यंजन मात्र घोष होते. मांस या अर्थाच्या शब्दात एकच अक्षर दोनदा येते, तरी उच्चार ‘कोगी’च्या जवळ जातो.

स्वरांच्या बाबतीत बदल आपल्या सोयीचा आहे. पूर्वी वेगळे असलेले दोन ‘ए’ सोलमधल्या बहुतेकांच्या बोलण्यात एक झाले आहेत, त्यामुळे मराठीतला एक ‘ए’ पुरतो. याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा: ‘मी’ आणि ‘तू’ यांची कर्तारूपे दोन्ही ‘नेगा’ अशीच ऐकू येऊ लागल्याने लोक ‘तू’साठी बोलताना ‘नीगा’ म्हणतात, लिहिताना मात्र जुनेच रूप ठेवतात. ‘नुन’ म्हणजे डोळा आणि बर्फही. बर्फाचा स्वर पूर्वी दीर्घ होता, आज तरुण बोलणारे तो भेद पाळत नाहीत, आणि त्यावर वेळ घालवू नये.

शब्द जोडताना होणारे बदल घोकण्याची गरज मराठी माणसाला फारशी नाही, कारण शाळेत शिकलेला व्यंजनसंधी इथे हाताशी आहे. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, त्याच रीतीने ‘गुक’ आणि ‘मुल’ मिळून रश्श्याला ‘गुङ्मुल’ म्हणतात. ‘हाप्निदा’ असे लिहिलेले ‘हाम्निदा’ होते. उत् आणि लेख यांचा उल्लेख होतो, तसे सिल्ला या प्राचीन राज्याच्या नावात लिहिलेला न पुढच्या ल मध्ये विरघळतो. आपल्याला खरी मेहनत पडते ती शब्दान्ती. विळा, दिवस आणि चेहरा यांचे कोरियन शब्द वेगवेगळे लिहितात, पण सुटे उच्चारताना तिन्ही ‘नात्’ होतात, आणि तो त् म्हणताना जीभ टेकवून तिथेच थांबवायची असते. आपण सवयीने ती सोडतो.

ऐकण्यासाठी केबीएस या दक्षिण कोरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बातम्यांबरोबर तरुणांच्या मुलाखतीही निवडाव्यात, कारण वृत्तनिवेदक प्रमाण उच्चाराला अधिक धरून असतात. आणि कामावर भेटणारे वरिष्ठ बुसानकडचे, म्हणजे ग्योंगसांग प्रांतातले असतील, तर त्यांच्या बोलीत सूर हा शब्दाचाच भाग असतो आणि व्यंजनांतला भेद श्वासावर अधिक टिकून आहे. अशा माणसाशी बोलताना सोलचा सूर त्यांच्या शब्दांवर लादून अर्थ लावू नये.